पेपरात आल्याशिवाय

लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच सांगून माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि मँचेस्टरला आलो तो इंग्रजी कादंबऱ्या शिकायला. पण डॉक्टरकाकांबद्दल दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही.

गावात पाणी बंद असलं की काका मँचेस्टरमध्ये बादली भरून ठेवत.

गाव साताऱ्याकडचं. तिथे त्यांचे थोरले भाऊ, दादा, साप्ताहिक काढत. ते स्वस्तातल्या टपालाने दीड-दोन महिन्यांनी येई. काका हॉस्पिटलातून रिटायर झालेले, एकटे. वरची खोली मला भाड्याने दिलेली. अंकात ‘मंगळवारी पाणीपुरवठा बंद’ दिसलं की येत्या मंगळवारी नळाखाली बादली.

“काका, तो मंगळवार कधीच गेला.”

“माझ्याकडे आत्ता आलाय.”

ताज्या बातम्या त्यांना चालत नसत. दिल्लीत सरकार बदललं म्हणून सांगायला गेलो, तर म्हणाले, “थांब, दादाला छापू दे.”

माझा प्रबंध अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका जुन्या कादंबरीवर होता, त्यातल्या छोट्या गावच्या वर्तमानपत्रावर. भीत भीत काकांना मुद्दा ऐकवला: कोण कुणाकडे जेवायला आलं, कोर्टात काय झालं, हे गावाला आधीच ठाऊक असतं, तरी सगळे पेपरची वाट बघतात.

“मग? कळणं वेगळं, छापून येणं वेगळं. छापलेलं मागे घेता येत नाही. हे लिही. आणि तुझ्या त्या एडिटरला सांग, मथळे आटोपशीर दे म्हणावं.”

एडिटर काल्पनिक आहे, हे सांगायचा मला धीर झाला नाही.

एका संध्याकाळी गावाहून काकांच्या पुतण्याचा फोन आला. “बरं. पेपरात येऊ दे,” म्हणून काकांनी तो ठेवला. “दादा गेला म्हणतोय,” मला म्हणाले, आणि भाजी परतायला लागले.

आमच्याकडे भाऊ गेल्याचं कळलं की लगेच आंघोळ करतात, सुतक धरतात. काकांनी दोन्ही केलं नाही. दादांनी आधी धाडलेले अंक येतच होते. त्यांत दादा नगरपालिकेवर चिडलेले असत.

“ठणठणीत आहे बघ. नगराध्यक्षाला सोलून काढलंय.”

पूर्वी एका बैठकीत संपणारा अंक त्यांना आता आठवडाभर पुरू लागला.

मग एक पातळ अंक आला. पहिल्या पानावर काळ्या चौकटीत दादांचा फोटो. काकांनी तो उभ्यानेच वाचला, बाजारभावासकट, आणि माझ्याकडे दिला.

“पाण्याचं काही आहे का रे?”

मी सगळी पानं पाहिली. “नाही काका. पाणी चालू आहे.”

“बरं,” म्हणाले, आणि बाथरूममध्ये जाऊन बादली भरली. आत शॉवर होता. बॉयलर पेटल्याचा आवाज काही आला नाही. नुसते डोक्यावरून ओतलेले तांबे, एकामागून एक.

ओल्या केसांनी ते बाहेर आले. मी अंक हातात घेऊन तिथेच उभा होतो.

“अरे,” ते म्हणाले, “दादा गेला.”