इंदूमावशींची पंगत

इंदूमावशींना कोणी ‘बसा’ म्हटलं की त्या उभ्या राहत आणि ‘उठा’ म्हटलं की हमखास बसत. बसचा कंडक्टर ‘आत सरका’ म्हणाला की त्या विचारत, “याके?” म्हणजे कन्नडमधलं ‘का’. आमच्या म्हैसूरच्या मराठीत कन्नड मिसळलेलं असतंच, पण मावशींचं दिवसभर याच एका शब्दावर भागे. डॉक्टरांनी जीभ दाखवा म्हटलं तरी याके.

शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या मराठी समाजाच्या हॉलमध्ये दर रविवारी मराठीचा वर्ग घेत. आम्ही कॉलेजातली दहा-बाराजणं. घरी मराठी बोलायचो, पण दोन वाक्यांत शब्द संपायचे.

“मग नाटक करा,” मावशी म्हणाल्या. “भांडताना शब्द बरोबर सुचतात.”

विषय आम्ही निवडला, भेदभाव. पंगतीला बसलेल्या मुलीला यजमान जात विचारून उठवतो, असा मुख्य प्रवेश. मुलगी झाली शोभा. तिच्या वडिलांचं शिवणकामाचं दुकान होतं. मी वाढपी. यजमानासारखं ओरडणं आम्हा मुलांपैकी कोणाला जमेना, म्हणून मावशीच यजमान झाल्या.

हॉलचे चिटणीस गोपाळमामा तालीम बघून म्हणाले, “बाकी छान आहे. तेवढी पंगत काढा. लोकांना लागेल.”

“लागावं म्हणूनच आहे ती.”

“मग हॉल मिळणार नाही.”

“बेडा,” मावशी म्हणाल्या. नको तर नको. आम्हाला घेऊन त्या तडक बाहेर पडल्या आणि नाटक सरस्वतीपुरममधल्या त्यांच्या घराच्या अंगणात ठरलं. खोटं जेवण त्यांना चालेना. केळीची पानं आणली, पातेलंभर चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला फोडणीचा भात, स्वतः केलं.

त्या रविवारी अंगण भरलं. गोपाळमामाही फाटकाशी उभे होते. धोतर-उपरण्यातल्या मावशी शोभासमोर येऊन गरजल्या, “ऊठ पानावरून.”

इथे शोभाने रडत निघून जायचं होतं. ती हलली नाही.

“ऊठ म्हणतो ना.”

“एळल्ला,” ती कन्नडमध्ये म्हणाली. मग मराठीत, एकेक शब्द नीट उच्चारून, “मी उठणार नाही. मला भूक लागलीय. वाढा.”

हे वाक्य नाटकात नव्हतंच. मावशींनी माझ्या हातातला डाव घेतला, शोभाच्या पानात भात वाढला आणि लोकांकडे वळल्या.

“नाटक बदललंय. ज्यांना लागलं त्यांना फाटक उघडं आहे. ज्यांना भूक लागलीय त्यांनी बसून घ्या.”

गोपाळमामा गेले. त्यांच्यामागून आणखी काहीजण गेले. उरलेले शोभाच्या ओळीत बसले.

नंतर भांडी घासताना माझ्या आईने सांगितलं, की भाच्याच्या मुंजीत मावशींनी कामवालीच्या मुलीला आपल्या शेजारी जेवायला बसवलं होतं. भावाने तिला उठवायला सांगितलं. मावशींनी नकार दिला. तेव्हापासून माहेरचं कोणीही या घरी जेवायला आलेलं नाही.

आम्ही निघालो तेव्हा मावशी उरलेली कोरी पानं पुसत होत्या.

“पुढच्या रविवारी इथेच तालीम. सगळ्यांनी यायचं.”

“पण मावशी, नाटक तर झालं,” मी म्हणालो.

“झालं. पण पंगतीचा प्रवेश अजून कच्चा आहे,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “चित्रान्नाचा कंटाळा आला असेल तर बिसीबेळे भात करते.”