मोघम प्रश्न स्वीकारले जात नाहीत

आमच्या रुग्णालयात उपचार पुराव्यावरच होतात, आणि पुरावा फक्त नीट विचारलेल्या प्रश्नालाच सापडतो. म्हणून प्रश्न-छाननी समिती आहे. मी तिचा सचिव. अर्जात चौकोन चार: रुग्ण कोण, उपाय कोणता, तुलना कशाशी, फलित काय. एक जरी कोरा राहिला तरी अर्ज परत जातो. यात आम्ही हयगय करत नाही.

खुब्याच्या शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी एका निवृत्त पोस्टमनच्या मुलीने सिस्टरांना विचारलं, "बाबांना आज उठवून चालवायचं का? सारखे मागे लागलेत."

सिस्टर जुन्या वळणाच्या. त्यांनी म्हातारबुवांच्या काखेत हात घातलाही होता, तेवढ्यात मी पोचलो. प्रश्न मंजूर नसताना रुग्ण उभा राहिला असता तर जबाबदार कोण?

मुलीने अर्ज भरला. तिसरा चौकोन कोरा.

"तुलना कशाशी?" मी विचारलं.

"कशाशी करू? मला एकच वडील आहेत."

भावना मी समजू शकतो. अर्ज परत केला.

मग तिने 'पडून राहण्याशी' असं लिहिलं. समितीचा शेरा आला: रुग्ण मोघम. तिने वय, वजन, मधुमेह, डावा खुबा, सगळं घातलं. तेव्हा असा रुग्ण जगात एकच निघाला आणि त्याच्यावर कोणी संशोधन केलेलं नव्हतं. नुसतं 'वयस्कर माणूस' ठेवलं, तर नऊ हजार शोधनिबंध आले. ते वाचायला उपसमिती नेमली. तोवर म्हातारबुवांना हलवू नये असं ठरलं, नाहीतर तुलनाच बिघडली असती.

"साहेब, आजोबांच्या पाठीला जखम झालीय," सिस्टर म्हणाल्या.

"तो वेगळा प्रश्न. वेगळा अर्ज."

एकोणिसाव्या दिवशी प्रश्न निर्दोष ठरला. उत्तरही निःसंदिग्ध मिळालं: अशा रुग्णाला दुसऱ्याच दिवशी चालवावं. मात्र आता एकोणिसावा दिवस असल्याने हा पुरावा त्यांना लागू होत नव्हता. समिती सदस्यांनी एकमेकांचं अभिनंदन केलं.

म्हातारबुवांचे पाय तोवर त्यांचं ऐकेनासे झाले होते, आणि त्यांनी उठायचा हट्टही सोडला होता. मुलगी कागद धरून उभी राहिली. "मी तेव्हाच विचारलं होतं," एवढंच म्हणाली. मला वाईट वाटलं, हे मी मान्य करतो.

वाचकहो, तुम्ही म्हणाल, आम्ही असतो तर सरळ हात देऊन उठवलं असतं. शेजारच्या खाटांपाशी बसलेले नातेवाईकही अगदी हेच म्हणत होते. त्याच दुपारी आपापल्या माणसासाठी ते माझ्याकडून कोरे अर्ज घेऊन गेले, आणि ओळीत उभे राहताना एकानेही धक्काबुक्की केली नाही.