मनोऱ्याची चढाई आणि तिसऱ्या मजल्याचा तह

ऐकणारांनी ऐसपैस बसावे आणि मध्येच उठू नये, कारण हकीकत चढणीची आहे, आणि चढणीत अर्ध्यावरून परतू म्हणणाऱ्याची काय गत होते ते पुढे येईलच. जे घडले ते सांगतो. पदरचे घातले नाही. जेथे घातले तेथे शोभेपुरते.

शहरातील एका जुन्या, बिनलिफ्टच्या इमारतीचा तिसरा मजला हा मातोश्रींचा मुलूख. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि कपडे वाळत घालण्याची बाल्कनी, इतका अंमल. यजमान वारल्यापासून कारभार एकहाती. मातोश्रींनी उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटरची चाकरी केली, आणि मोठमोठे साहेब, व्यापारी, कारखानदार यांस 'लाइनवर थांबा' ऐसे फर्मावून तिष्ठत ठेविले, तेणेकरोन आवाजात जरब ऐसी बसली की कुरियरवाला दारापाशी येताना पावले जपून टाकी. परंतु अलीकडे दोन्ही गुडघ्यांनी बंड केले. उजवा उघड फितूर जाहला, डावा आतून.

एके दिवशी भाजीची पिशवी घेऊन मातोश्री वर येत असता दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दम घ्यावया बसल्या त्या बसल्याच. शेजारणीने पाहिले आणि खुद्द मातोश्रींस एक शब्द न पुसता त्यांच्या कन्येस फोन लाविला. कन्या एकुलती, बँकेत कर्जे मंजूर अगर नामंजूर करण्याच्या हुद्द्यावर, सबब नाही म्हणण्याचा हात बसलेला. ती हातचे काम टाकून धावली आणि जिना एका दमात चढोन आली, तों मातोश्री खुर्चीत बसून मटार सोलीत होत्या आणि म्हणाल्या, "आलीस तर चार शेंगा सोल."

त्याच संध्याकाळी खलबत बसले. कन्येचा दादला दंतवैद्य, स्वभावे गोड, शरीरे भरदार, तोही हजर जाहला. कन्येने मसलत मांडिली ती ऐसी की, घर विकावे, मातोश्रींनी आमच्याकडे राहावयास यावे, मागची खोली उन्हाची आहे, इमारतीस लिफ्ट दोन आहेत, त्यांपैकी एक चालते. जावयांनी दुजोरा दिला. मातोश्रींनी हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही. भांडी घासली, ओटा पुसला, आणि मग पदरास हात पुसत विचारिले की येत्या रविवारी तुम्ही दोघे त्या जुन्या कॅथीड्रलास जाणार होतात ना.

जाणार होतो, असा जबाब आला.

"मलाही न्या. त्याच्या मनोऱ्यावर मी चढून गेले तर घराचा विषय बंद. नाही चढले तर सोमवारी सामान बांधायला घेते. कुरकुर करणार नाही."

जावई हसले आणि म्हणाले, "आई, ठरलं." कन्या हसली नाही. तिने दुसरे दिवशी हाडांच्या डॉक्टरास गुपचूप पुसून घेतले, तों त्याने कौल दिला की चढू दे, पण सावकाश, आणि उतरताना जास्त जप. यातील उत्तरार्ध कोणी मनावर घेतला नाही.

रविवारी फौज निघाली. रसद येणेप्रमाणे: पाण्याची बाटली, पेपरमिंटच्या गोळ्या, मलमाची ट्यूब, आणि एक जादा स्वेटर, जो वागविण्याचे काम जावयांकडे. मातोश्रींनी गुडघ्यांस पट्टे कसले, वर पांढरे कॅनव्हासचे बूट चढविले, आणि बसमध्ये ज्येष्ठांसाठी राखीव असलेली जागा रिकामी असतांही उभ्यानेच प्रवास केला, हे जावयांस बसलेले पाहून कन्येने त्यांस कोपर मारिले तेव्हा त्यांच्या ध्यानी आले.

कॅथीड्रल म्हणजे ख्रिस्ती लोकांचे मोठे चर्च, मातबर इमारत. खांब ऐसे जाड की एकेकाआड कुटुंबे लपावी, छत इतके उंच की वर पाहता मान अवघडे, आणि रंगीत काचांतून लाल-निळा उजेड फरशीवर सांडलेला. आत गारवा आणि शांतता बहुत. लोक बाकांवर डोळे मिटून बसलेले, आणि त्या शांततेत मातोश्रींचे नवे बूट प्रत्येक पावली चीं चीं करीत मधून चालले. एका आजोबांनी एक डोळा उघडून पाहिले आणि पुन्हा मिटला.

मनोऱ्याच्या दिंडीदरवाजापाशी एक तिकीटवाली सफरचंद खात बसली होती. मागे पाटी: जिना अरुंद आहे, हृदयरोग्यांनी चढू नये, मध्ये वळण्यास जागा नाही. तिने मातोश्रींस पायांपासून केसांपर्यंत न्याहाळिले.

"आजी, वर जायला लिफ्ट नाही हं."

"माझ्या घरीसुद्धा नाही," मातोश्री म्हणाल्या, आणि आत शिरल्या.

व्यूह मातोश्रींनीच रचिला. आघाडीस आपण, म्हणजे चाल आपल्या मर्जीची, मध्ये कन्या, पिछाडीस जावई, स्वेटरासह. त्यांचे मागे दहा-बारा पर्यटकांची टोळी शिरली, तेणेकरोन माघारीचा रस्ता आपसूक बंद जाहला.

जिना म्हणजे दगडात पिळलेला स्क्रूच. पायऱ्या मध्ये झिजोन बशीसारख्या खोलगट जाहलेल्या, भिंतीस कठड्याऐवजी जाड दोर, आणि हातभर रुंदीच्या झरोक्यांतून येईल तितकाच उजेड. प्रथम मजल मातोश्रींनी झपाट्याने मारिली. पुढे प्रत्येक झरोक्यापाशी त्या थांबू लागल्या आणि बाहेरची शोभा वाखाणू लागल्या. बाहेर दर वेळी एकच पन्हळ आणि तिच्यावर एकच पारवा. कन्येस हे कळत होते, कारण आईचा श्वास तिला ऐकू येत होता, परंतु चौथ्या झरोक्याशी ती स्वतःच म्हणाली, "खरंच छान दिसतंय गं," आणि मातोश्रींस हवा तितका वेळ मिळाला.

ऐसे चालत असता वरून उतरणारांची एक टोळी आली. ज्याने त्याने भिंतीस पाठ लावून पोट आत ओढिले. जावयांनीही ओढिले, पण ओढण्यास मर्यादा असते. एक गलेलठ्ठ पाठपिशवी त्यांच्या छातीस घासून गेली, झरोका झाकला गेला, अंधार पडला, आणि टोळी उतरून गेल्यावर पाहतात तों जावई दोर दोन्ही हातांनी कवटाळून उभे. कपाळी घाम. नजर समोरच्या दगडावर.

"चला ना," कन्या म्हणाली.

"मला नाही जमत," जावई म्हणाले. "श्वासच येत नाहीये. वर पण नको, खाली पण नको."

मागील पर्यटक खोळंबले. कोणी घसा खाकरला. कन्येने त्यांचा हात धरू पाहिला तों तो दोरापासून सुटेना, आणि बँकेत भल्याभल्यांस गप्प करणाऱ्या त्या बाईस शब्द सुचेना.

तेव्हा वरून, वळणाआडून, मातोश्रींचा आवाज आला. घरात वापरावयाचा नव्हे. तो एक्स्चेंजातला, सपाट, स्वच्छ, कुठल्याही खरखरीतून पार जाणारा.

"जावईबापू, मी बोलतेय. ऐकू येतंय का?"

"येतंय."

"लाइनवर राहा. तोडायची नाही. मला दात सांगा."

"काय?"

"दात हो. माणसाच्या तोंडात कोणकोणते असतात ते पुढून सुरू करा. एक दात, एक पायरी."

मग अंधारातून क्षीण आवाज आला, "मधला पटाशीचा," आणि एक पाऊल वर पडले. "बाजूचा पटाशीचा." दुसरे पडले. "सुळा." मातोश्री वरून प्रत्येकास "हं, पुढे" म्हणत गेल्या. उपदाढा जाहल्या, दाढा जाहल्या, अक्कलदाढेपाशी जावई अडखळले तों मागील टोळीतील एक बाई म्हणाल्या, "माझी काढलीय, पुढचं सांगा," आणि जावयांस हसू आले, आणि हसण्याबरोबर अडलेला श्वास मोकळा जाहला. येणेप्रमाणे वरचा जबडा सरला, मग खालचा सरला, मग पुनः वरचा घ्यावा लागला, आणि फौज घंटांच्या माळ्यावर दाखल जाहली. तेथे ऐसपैस जागा. जावई फळीवर बसले आणि स्वेटराने तोंड पुसू लागले.

परंतु मनोरा अजून बाकी होता. माळ्यापासून वर लाकडी जिना, तो जिना कसला, शिडीच, उभी अंगावर येणारी. मातोश्रींनी पहिल्या फळीवर पाय ठेविला आणि भार दिला, तों उजवा गुडघा सपशेल लटपटला. त्यांनी पाय खाली घेतला. पुनः ठेविला. पुनः घेतला. चेहरा पांढरा पडला, आणि येथे बाहेरची शोभा वाखाणावयास झरोकाही नव्हता.

"आई, पुरे," कन्या म्हणाली. "इथवर आलीस. मी मानलं. घर ठेव तू."

तह इतका सोपा पदरात पडत असता शहाणा सेनापती घेता. मातोश्रींनी घेतला नाही.

"मानलं नको," त्या म्हणाल्या. "तू मानलंस म्हणून घर राहिलं, तर उद्या तू नाही म्हणशील तेव्हा जाईल."

"मग काय करायचं मी? तुला तिथे एकटीला सोडायचं?"

"हे बघ. मी तीन मजले चढते, धापा टाकते, मधे बसतेसुद्धा. पण वर पोचले की पर्समधून किल्ली काढते आणि माझं दार मी उघडते. तुझ्याकडे आले की बेल वाजवावी लागेल."

"तुला किल्ली देईन की मी."

"देशील गं. तीच तर गोष्ट आहे, तू देशील."

मातोश्रींनी साडी खोचली आणि शिडीस दोन्ही हात टेकिले, आणि चौपायी चाल धरून, मान-मरातब माळ्यावरच ठेवून, एकेक फळी वर सरकू लागल्या. पराक्रमी पुरुषांची चित्रे घोड्यावर बसलेली काढतात. या चढाईचे चित्र कोणी काढील तर पाठीमागून काढू नये, इतकीच विनंती. कन्या मागोमाग चढली, दोन्ही हात आईच्या बाजूंस, पण लावले नाहीत. माळ्यावर एकटे राहणे नको म्हणून जावईही दात मोजीत मागून वर आले.

वर वारा बेफाम. खाली सारे शहर, छपरे, गच्च्या, पाण्याच्या टाक्या. मातोश्रींनी कठडा धरिला आणि म्हणाल्या, आमचे घर कुठे. चष्मा तिकीटवालीपाशी पाणी पिताना राहिलेला. जावयांनी उत्साहाने बोट दाखविले ती इमारत कारागृहाची निघाली.

कन्या मात्र शहराकडे पाहत नव्हती.

"त्या दिवशी शेजारच्या काकूंचा फोन आला ना," ती म्हणाली, "त्यांनी एवढंच सांगितलं, आई जिन्यात आहे, लवकर ये. पुढे रेंज गेली. टॅक्सीतून येईपर्यंत मी तुझे कुठले फोटो आहेत माझ्याकडे ते आठवत होते. एकही नीट नव्हता. आणि दार उघडं, तू मटार सोलत बसलेली. मला इतका राग आला होता तुझा."

मातोश्रींनी कठड्यावरचा हात सोडला. आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, आपली लाइन मध्येच तुटल्याचे त्यांस ठाऊक नव्हते.

"मला वाटलं, तू शेंगा सोलायला बसली नाहीस म्हणजे घाईत आहेस," त्या म्हणाल्या. मग कन्येचे उडणारे केस कानामागे सारून म्हणाल्या, "काढ एक फोटो. बूट येऊ देत."

फोटो जाहला. आणि त्याच जागी, जावयांस साक्षी ठेवून, तह ठरला तो ऐसा: घर मातोश्रींकडे कायम. रोज रात्री निजण्यापूर्वी मातोश्रींनी आपण होऊन फोन करावा, आणि कन्येने तो उचलावा, मीटिंग असो वा नसो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक खुर्ची मांडावी, आणि तीवर बसलेल्या मनुष्यास पाहून कोणी कोणास फोन करू नये.

आता जे राहिले ते लिहिणे बखरकारास अवघड, परंतु इमानास बट्टा नको. उतरताना गुडघ्यांनी साफ जबाब दिला. मातोश्रींनी विचार केला, आणि पायरीवर बसल्या, आणि बसल्याबसल्या खालच्या पायरीवर सरकल्या. कन्या उभ्याने उतरू लागली होती. तिने मागे पाहिले, आपला इस्त्रीचा सूट पाहिला, आणि आईच्या पुढे एका पायरीवर तीही बसली. जावई आधीच बसलेले होते, त्यांस निमित्तच हवे होते. वर येणारे पर्यटक भिंतीस चिकटून वाट देत गेले, आणि एकाने अदबीने पुसले की उतरण्याची इथली रीत हीच काय. "हो," मातोश्रींनी सांगितले. त्याने मागील लोकांस तसे कळविले.

येणेप्रमाणे मनोरा सर जाहला, मुलूख राखिला, फौजेपैकी कोणी कामी आले नाही. तिघे दिंडीदरवाजातून उजेडात आले तेव्हा वस्त्रे मागील बाजूने शतकांच्या धुळीने पांढरी जाहली होती. ती ज्याची त्यास झटकता येईना. मग कन्येने आईची झटकली, मातोश्रींनी जावयांची झटकली, अंमळ जोराने, आणि जावयांनी कन्येची झटकली, आणि तिकीटवाली सफरचंदाचा देठ हाती धरून पाहत राहिली. फत्ते नोंदली असे.