बालबीनाचा वशिला

सरकारी समितीच्या तावडीतून चित्रपट जसाच्या तसा बाहेर कसा काढायचा, हे अख्ख्या पोलंडमध्ये फक्त मला कळतं, असं मी एकोणऐंशी सालापर्यंत छातीठोकपणे सांगत असे. वूचमधल्या आमच्या स्टुडिओच्या खानावळीत आंबट कोबीची ताटली पुढे घेऊन मी यावर व्याख्यानं दिली आहेत! लोक ऐकायचेही. सूप मिळायला वेळ लागायचा आणि रांग सोडून कुठे जाता येत नसे.

माझा सिद्धान्त असा. समितीने काहीतरी कापलंच पाहिजे. जिने काहीच कापलं नाही ती समिती झोपली होती, असा वरच्यांना संशय येतो. मग कापायला आपणच काहीतरी द्यायचं! एखादी अशी भयंकर गोष्ट चित्रपटात घुसवायची की सगळे कॉम्रेड तिच्यावर तुटून पडतील. आपण गयावया करायची, रडकुंडीला यायचं आणि अगदी नाइलाज झाल्यासारखं ती काढून टाकायची. समिती खूश, आणि आपल्याला जे वाचवायचं होतं ते सहीसलामत! हे सगळेच करत. कुणी दारुडा पोलीस घुसवे, कुणी नदीत अंघोळ करणाऱ्या बाया. पण त्यात काही कलाकुसर नव्हती. कलाकुसर माझ्याकडे होती!

मी तेव्हा सेवेरिन स्कोव्हेरा यांचा सहायक दिग्दर्शक होतो. सेवेरिनसाहेब म्हणजे भला माणूस. वय छप्पन्न, नावावर दोन चित्रपट आणि दोन्ही गोदामाच्या फळीवर डबाबंद. एकही थिएटरात लागला नाही. त्याचं दुःख साहेबांनी कधीच गिळलं असतं, पण वास्क गावात राहणारी त्यांची आई गिळू देत नव्हती. पेलागियाआजींचं वय चौऱ्याऐंशी. आपला मुलगा दिग्दर्शक आहे यावर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता.

"सेवेक, मी रागावणार नाही. खरं सांग, तू रोज जातोस कुठे?" त्या दर रविवारी विचारायच्या.

"आई, चित्रपट काढतो मी."

"कुणी पाहिलाय?"

आजी शेजारणींना सांगत, सेवेक ट्रामच्या डेपोत आहे. निदान त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही!

म्हणून तिसरा चित्रपट लागायलाच हवा होता. आईला हाताला धरून वास्कच्या थिएटरात नेऊन बसवायचं, एवढी एकच इच्छा त्या माणसाची उरली होती. आणि त्या चित्रपटात एक दृश्य होतं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी एक म्हातारी जेवणाचं टेबल मांडते. टेबलक्लॉथखाली गवत पसरते, आणि अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी जास्तीचं एक ताट ठेवते, जसं सगळ्यांच्या घरी ठेवतात. मग दाराकडे बघत बसते. तिचा मुलगा येत नाही. का येत नाही, हे कुणी बोलत नाही. बोलायची गरजच नव्हती, रात्री दार ठोठावून नेलेली मुलं परत येत नाहीत, हे आमच्याकडे सगळ्यांना कळलं असतं. तीच तर पंचाईत होती! समितीलाही कळलं असतं.

"तेओफिल, हे दृश्य गेलं तर चित्रपटात काय उरलं?" साहेब म्हणाले. "त्यापेक्षा हाही फळीवर जाऊ दे."

"साहेब, तुम्ही निर्धास्त राहा," मी म्हणालो. "मी त्यांना शेळी देतो!"

शेळी पेलागियाआजींचीच होती. नाव बालबीना. पांढरीशुभ्र, एक शिंग वाकडं आणि चेहऱ्यावर सदैव तक्रार. मी आजींना स्पष्ट सांगितलं, की चित्रपटासाठी हवी आहे.

आजींनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "म्हणजे तूही तेच सांगतोस? बरं, ने. संध्याकाळी दुधाच्या वेळेला परत आण."

कारखान्याच्या आवारात आम्ही एक मे रोजीचा सोहळा उभा केला होता. लाल कापडावर पांढरी अक्षरं, "उद्याचा दिवस आजच्याहून सुंदर!" त्या कापडाला मी स्वतःच्या हातांनी मिठाचं पाणी चोळलं. कॅमेरा सुरू झाला, बालबीना डुलत डुलत आली, तिने कापड चाटलं आणि मग शांतपणे "उद्याचा" खाल्लं. पुढे "दिवस" आणि "आजच्याहून"ही खाल्लं. "सुंदर"पाशी मात्र थांबली, थुंकली आणि निघून गेली! हे मी तिला शिकवलं नव्हतं, देवाशपथ. प्रकाशयोजना करणारा आमचा माणूस टोपी काढून म्हणाला, "आता सगळ्यांनाच आत टाकणार."

"आत कुणाला टाकत नाहीत," मी म्हणालो. "फक्त कापणार!"

मार्चमध्ये वॉर्साला समितीपुढे खेळ झाला. सात कॉम्रेड, सात ग्लास चहा आणि खोलीत सिगारेटचा इतका धूर, की पडदा अंदाजानेच बघायचा. मी साहेबांशेजारी मागे बसून मनातल्या मनात गयावया करण्याची तालीम करत होतो. पडद्यावर बालबीना आली. चाटलं. खाल्लं. थुंकली. चित्रपट संपला, दिवे लागले.

अध्यक्ष कॉम्रेड त्सेग्लारेक म्हणजे जाड भिंगाचा चष्मा आणि हातात कायम टोक केलेली पेन्सिल. ते घसा खाकरून म्हणाले, "त्या... शेळीबद्दल कुणाला काही म्हणायचं आहे?"

सगळे आपापल्या चहात पाहू लागले.

आणि मला दरदरून घाम फुटला. माझ्या सिद्धान्तातलं भोक तेव्हा मला दिसलं! शेळी पक्षाचा भविष्यकाळ खाते आहे, असं म्हणायचं तर आधी ते आपल्या मनात यायला हवं. आणि ज्याच्या मनात आलं, तो कॉम्रेड कसला? सात जणांना सारं कळलं होतं आणि सातही जण ते आपल्याला कळलेलं नाही असं दाखवण्यात गुंतले होते.

"शेळी... निरोगी आहे," एक टक्कलवाले कॉम्रेड म्हणाले.

"चांगली पोसलेली आहे!" दुसरे घाईघाईने म्हणाले. "आपल्या शेतीची प्रगती दिसते."

"गावाकडची शेळी कारखान्यात येते," तिसऱ्याला उत्साहच आला. "म्हणजे शेतकरी आणि कामगार यांची एकजूट!"

अध्यक्षांनी सुटकेचा निःश्वास सोडला. "अगदी माझ्या मनातलं बोललात. शेळी हाच या चित्रपटाचा आत्मा आहे." त्यांनी पेन्सिल उचलली. "आता कापायचं काय? हां, ती ताट मांडणारी बाई. फार लांबण लागली आहे. बसलीय आपली दाराकडे बघत. कोण येणार आहे? का येत नाही? प्रेक्षक उगाच विचार करत बसतील. ते काढा."

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. मी ताडकन उभा राहिलो. आयुष्यात एवढं शौर्य मी कधी केलं नव्हतं!

"कॉम्रेड अध्यक्ष, मला विचाराल तर ती शेळीच खटकते!"

सात माना माझ्याकडे वळल्या. अध्यक्षांनी वहीचं नवं पान उघडलं.

"असं? नेमकं काय खटकतं, कॉम्रेड तेओफिल? सविस्तर सांगा. आडनावापासून सुरुवात करा."

मी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

"तिचं... शिंग," मी म्हणालो. "वाकडं आहे."

"चालेल," अध्यक्ष दिलदारपणे म्हणाले. "उलट शेळी वाढवा! एकदाच दिसते, मन भरत नाही."

वूचला परतताना आगगाडीत साहेब खिडकीबाहेर बघत होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. कोल्युश्की स्टेशन आल्यावर एवढंच म्हणाले, "रविवारी आईला काय सांगू?" मला स्वतःचाच इतका राग आला, की मी माझं सॅण्डविचदेखील त्यांना देऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी संकलनाच्या खोलीत मी सगळी कर्मकहाणी ब्रोन्याबाईंना सांगितली. ब्रोन्याबाई आमच्या संकलक. तीस वर्षं फिल्म कापत आलेल्या. तोंडात सिगारेट, गळ्यात फिल्मच्या पट्ट्या आणि जिभेला कात्रीपेक्षा जास्त धार.

"म्हणजे शेळीला हात लावायची त्यांची छाती नाही?"

"नाही."

"आणि शेळी वाढवा म्हणालेत?"

"हो ना!"

"मग बाळा, तू सहायक दिग्दर्शक कसा झालास?" त्या म्हणाल्या. "शेळी त्या ताटाच्या दृश्यात घाल. शेळी कापायची नाही, तर दृश्यही कापता येणार नाही!"

मी त्यांच्या पायाच पडणार होतो, पण जमिनीवर सगळीकडे फिल्म पसरलेली होती.

आता फिल्मचा तुटवडा एवढा, की आमच्याकडे जेमतेम एका शॉटची फिल्म उरली होती. दुसरी संधी नाही! स्वयंपाकघर पुन्हा उभं केलं. म्हातारीचं काम करणाऱ्या बाई रंगभूमीवर पन्नास वर्षं घालवलेल्या. त्यांनी बालबीनाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"मी राण्यांची कामं केली आहेत, तेओफिल."

"बाई, ती फक्त दारातून आत बघेल आणि जाईल. अगदी दोन क्षण!"

कॅमेरा सुरू झाला. बाईंनी टेबल मांडलं, जास्तीचं ताट ठेवलं आणि दाराकडे बघत बसल्या. दार हळूच ढकललं गेलं. बाईंच्या डोळ्यांत अशी काही आशा आली, की मीही दाराकडे पाहिलं. बालबीनाने आत डोकं घातलं. इथे तिने परत फिरायचं होतं. पण टेबलक्लॉथखाली गवत होतं!

ती तडक टेबलाशी आली, गवत ओढलं आणि गवताबरोबर टेबलक्लॉथही ओढला. बीटचं सूप गेलं, कार्प मासा गेला, खसखशीचा केक साहेबांच्या बुटापाशी येऊन पडला. मी डोळे गच्च मिटून घेतले. साहेब "थांबवा" म्हणतील म्हणून वाट पाहत होतो. पण कुणीच काही म्हणेना, म्हणून एक डोळा उघडला.

टेबलावर एकच ताट शिल्लक होतं, पाहुण्याचं. बाई हलल्या नव्हत्या. त्यांनी शेळीकडे खूप वेळ पाहिलं. मग खाली पडलेलं गवत मुठीत घेतलं, त्या ताटात ठेवलं, ताट शेळीपुढे सरकवलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "उशीर केलास."

फिल्म संपली. कॅमेऱ्याची खरखर थांबली. बघायला आलेल्या ब्रोन्याबाईंची सिगारेट विझली होती. साहेब भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि मी, लाज कशाला वाटू द्यायची, चक्क रडत होतो. बालबीना खात होती.

समितीपुढे दुसऱ्यांदा खेळ झाला. सूप सांडलं तेव्हा कॉम्रेड खदखदून हसले. "उशीर केलास" नंतर मात्र टक्कलवाले कॉम्रेड बराच वेळ नाक शिंकरत होते. का, ते कुणी विचारलं नाही.

"मी म्हणालो होतो ना, शेळी हाच आत्मा!" अध्यक्षांनीही चष्मा पुसला. "मंजूर! पण..." त्यांनी पेन्सिल उचलली. "काहीतरी कापायलाच हवं. वर काय सांगायचं?"

सात जणांनी डोकं खाजवलं. शेवटी टक्कलवाल्यांनी मार्ग काढला. "सुरुवातीची नामावली लांब आहे. हे सहायक दिग्दर्शकाचं नाव कुणाला हवंय?"

कापलं! एकमताने कापलं! समितीला कापायला काय द्यावं हे जन्मभर शिकवत फिरलो, आणि शेवटी दिलं काय, तर तेओफिल.

मे महिन्यात चित्रपट वास्कला लागला. बाहेर पोस्टर होतं. ते काढणाऱ्या चित्रकाराने चित्रपट पाहिला होता की नाही देव जाणे, पण पोस्टरवर वाकड्या शिंगाची शेळी होती आणि तिच्या खुराखाली बारीक अक्षरात सेवेरिन स्कोव्हेरा. पेलागियाआजी चर्चला जायचा कोट घालून आल्या होत्या. मध्ये आजी, एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला मी. आजी चष्मा घरी विसरल्या होत्या, त्यामुळे नामावली त्यांना वाचता आली नाही. माझं नाव नव्हतंच, मला फरक पडला नाही. पण साहेबांचं नाव पडद्यावर येऊन गेलं, तेही आजींना कळलं नाही.

ताटाचं दृश्य आलं. आजी पुढे झुकल्या. त्यांनी मुलाची बाही घट्ट धरली.

"सेवेक," त्या कुजबुजल्या, "ही बाई माझ्यासारखंच ताट मांडते रे. खिडकीच्या बाजूला."

"हो आई."

"अगदी माझ्यासारखंच."

साहेबांनी आईच्या हातावर हात ठेवला आणि मी अंधारात रुमाल शोधू लागलो. छप्पन्न वर्षांच्या माणसाला आईने अखेर ओळखलं होतं! एवढ्यात पडद्यावरचं दार ढकललं गेलं.

"बालबीना!" आजी एवढ्या मोठ्याने ओरडल्या, की मशीन चालवणारा खिडकीतून डोकावला. "अहो, ही माझी शेळी! माझी शेळी सिनेमात आहे!"

सगळं थिएटर टाळ्या वाजवायला लागलं. खेळ संपल्यावर अर्ध्या गावाने आजींना घेरलं. कुणी हात हातात घेतले, कुणी दुधाची चौकशी केली. आजींचा आनंद गगनात मावत नव्हता. गर्दी पांगल्यावर त्यांनी मुलाला बाजूला घेतलं, त्याची कॉलर नीट केली आणि पाणावलेल्या डोळ्यांनी म्हणाल्या,

"सेवेक, आता काळजी करू नकोस हो. बालबीनाच्या ओळखीने तुझंही सिनेमात कुठेतरी काम होईल."

साहेब हसले ते इतके हसले, की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. मीही हसलो. मग आजींना घरी पोचवायला गेलो, तेव्हा कुणाचं लक्ष नाही असं पाहून गोठ्यात शिरलो आणि बालबीनाला एक अख्खा कोबी दिला. नामावलीत नाव घालायला सांगणारं माझ्या ओळखीचं दुसरं कुणी नव्हतं.