सालं ठेवलीस काय गो?

आमच्या घरात काल काय शिजलं आणि का शिजलं, हे साऱ्या गल्लीच्या आधी काशीआत्याला कळतं. सकाळी दारात बादली टेकवून ती आमच्या ओल्या कचऱ्यात खुशाल हात घालते आणि निकाल देते. "कांद्याची सालं एवढी? पावणे आलेले वाटतं. मटण केलंस नि मला हाक नाय मारलीस!" एकदा नुसती अंड्यांची टरफलं बघून माझ्याकडे रोखून म्हणाली, "नवऱ्याशी बोलत नायस ना? कालपास्न अंडीच चाललीत." अगदी खरं होतं.

तशी ती आमच्यातल्या कोणाचीच आत्या नाही. मूळची पोलादपूरकडची, आंबेनळी घाटाखालच्या एका वाडीतली. नवरा गेल्यावर मुलाने तिला महाडात आमच्या गल्लीच्या टोकाला दोन खोल्या घेऊन दिल्या आणि तो मुंबईला नोकरीवर निघून गेला. खोल्यांमागे परसाची एक चिंचोळी पट्टी आहे. तिथे ती शिराळी, पडवळ, कारली, लाल माठ, काय वाट्टेल ते लावते. खत सगळं आमच्या घरांतलं. भाज्यांची सालं, चहाचा चोथा, मासळी धुतलेलं पाणी. पावसाळ्यात सावित्री नदी गल्लीत शिरून गेली की आम्ही रडत रडत गाळ उपसत असतो, आणि ही बया घमेलं घेऊन हजर! "टाकू नका गो, नदीनं माती घरपोच दिलीय!" अशा वेळी तिचा गळा दाबावासा वाटतो.

माझ्या नवऱ्याने एकदा मोठ्या प्रेमाने तिला युरियाची पिशवी नेऊन दिली. आत्याने त्याला पायरीवरच अडवलं. "ही दारू हाय रे बाबा. झाड दोन दिस नाचंल नि मंग आडवं होईल." नवरा पिशवी घेऊन मुकाट परत आला. त्याला असं गप्प करणं मला इतक्या वर्षांत जमलेलं नाही.

भाजी निघाली की घरोघर वाटते. पैशांचं नाव काढलं तर खवळते. "पैशे ऱ्हाऊदे, सालं तेवढी ठेव."

हल्ली तिचे गुडघे कुरकुरायला लागले, तरी फेरी चुकेना. दर दारात घोटभर चहा आणि पोटभर चौकशा. मला तिची दया आली आणि माझ्यातली हुशारी उफाळली. गल्लीतल्या बायकांना गोळा करून मी झाकणाचा एक निळा ड्रम आणवला आणि आत्याच्या फाटकाशी ठेवला. येता-जाता आम्हीच सालं टाकू, म्हातारीची पायपीट वाचेल. आत्याने ड्रमकडे पाहिलं. "बरा हाय," एवढंच म्हणाली.

त्यानंतर ती दिसेचना. पुढच्या आठवड्यात ड्रमचा वास गल्लीभर पसरला. झाकण उघडलं तर सालं तशीच, वर अळ्या वळवळतायत. तशीच धावत तिच्या घरात शिरले. आत्या भिंतीला टेकून पेज पीत बसली होती, तोंडी लावायला भाजलेला बोंबील. शेजारी टोपलीत शिराळी सुकत पडलेली.

"आत्या, बरं नाही का? आणि घरची एवढी भाजी सोडून पेज कसली पितेस?"

"मला कुठं आवडतंय शिराळं!"

"अगं, मग लावतेस कशाला?"

तिने वाटी खाली ठेवली. "तुमाला भाजी दिली तर सालं निघतील. सालं निघाली तर मला तुमच्या दारात येता येईल. उगाच रोज उठून कुणाच्या दारात कसं जायचं गो? कायतरी काम नको?"

मला रडूच फुटलं. ड्रम त्याच दुपारी धुऊन आमच्या मोरीत नेऊन ठेवला.

शिराळ्याच्या सालांची चटणी म्हणजे माझ्या नवऱ्याचा जीव की प्राण. अजूनही मागतो. मी सरळ सांगते, मिळायची नाही, सालं आत्याची आहेत.