खाकी कागदाखालचं नाव

आगाशीच्या आमच्या वाचनालयात नवीन पुस्तक आलं की ग्रंथपाल वामनराव आधी लेखकाच्या नावावर खाकी कागद चिकटवायचे. नाव झाकलं, पदव्या झाकल्या, की म्हणायचे, "आधी मजकूर, मग माणूस."

हे खूळ वाचनालयातल्या रविवारच्या चर्चेमुळे लागलं. स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं आणि मुलं कशी वाढवावीत यावर पुस्तकं येऊ लागली होती. आमचे डॉक्टर फक्त डॉक्टरनं लिहिलेलं खरं मानायचे, हेडमास्तर मास्तरनं लिहिलेलं. मी सुकेळ्यांचा, म्हणजे पानात बांधलेल्या वाळवलेल्या केळ्यांचा, व्यापारी. घरात सहा पोरं, वाचनालयाचं कपाट मी दिलेलं, तरी मला मत विचारायचे शेवटी, तेही चहा आल्यावर. ते मी विसरलेलो नाही.

वामनरावांवर माझा डोळा होता. बाजारात रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून गुपचूप भाव ठरवण्यात माझा जन्म गेला. झाकणाऱ्याचा काहीतरी फायदा असतोच. हा गृहस्थ घरीही कुणाला घेत नसे. कोणी गेलं तर मागं दार ओढून ओट्यावरच बोलायचा. चांगली पुस्तकं घरात दडवतोय, अशी माझी खात्री.

एका रविवारी त्यांनी एक वही आणली, सगळी खाकीत. वाचू लागले. पाच वर्षांची मुलगी, बोलत नाही. पाहुणा आला की भाताच्या कणगीमागे जाऊन बसते. विहिरीचा रहाट कुरकुरला की हसते.

"लेखक मास्तर दिसतो," डॉक्टर म्हणाले. "वजन नाही, ताप नाही."

"छे, डॉक्टरच," हेडमास्तर म्हणाले. "शिस्तीबद्दल एक अक्षर नाही."

मग पहिल्यांदाच दोघांचं जमलं. चूक आईबापांची, असं ठरवून दोघं मिळून अभिप्राय लिहायला बसले.

वामनराव नुसती कागदाची कड दाबत राहिले. मला वाटलं, स्वतःचं पुस्तक छापायचंय आणि खर्च माझ्या गळ्यात मारणार. डोकं फिरलं. "आणा इकडं," म्हणत मी वही ओढली आणि कागद टरकावला.

खाली त्यांच्याच अक्षरात होतं, 'आमची कुसुम'.

"कोण निघाला, शेट?" डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं.

मी फाटका कागद अंगठ्यानं परत दाबून धरला. "नाव नाही."

वामनराव माझ्याजवळ सरकले. हळूच म्हणाले, "शेट, तुमचं मत?" चहा अजून यायचा होता.

मी विचारलं, "सुकेळी खाते का ती?"

"खाते. पण वरचं पान तिचं तिनंच सोडवायचं. दुसऱ्यानं सोडवलं, तर हात लावत नाही."