हर्नियाचं साल

शब्बीरभाई जीप मध्येच थांबवत, कुणाच्याही कपाशीत शिरत, एक बोंड फोडून बघत आणि परत येऊन गंभीरपणे जाहीर करत, ‘‘यंदा हर्नियाचं साल हाय.’’

तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात मी केसपेपर काढत असे आणि शब्बीरभाई दवाखान्याची जीप चालवत. वडनेर भोलजीच्या बाजूची खेडी फिरून पेशंट आणायचे, हे त्यांचं काम. कापूस पिकला की लोक दाबून ठेवलेली दुखणी बाहेर काढतात, हे त्यांचं शास्त्र. बोंडात अळी निघाली की म्हणत, ‘‘यंदा निस्ती सलाईन.’’

आमच्या डॉक्टरांचा या शास्त्रावर भलताच भरवसा. बोंड चांगलं असलं की दुर्बिणीची ऑपरेशनं सुरू, अळी निघाली की मोफत शिबिर. वाटेवरचा दुसरा दवाखाना नेमकं हेच आठ दिवस आधी करी. त्यांचाही ड्रायव्हर बोंडं फोडत असणार, दुसरं काय!

कपाशीचं बीटी बियाणं आलं तेव्हा हर्नियाची बरीच सालं लागोपाठ आली. मग बीटीलाही गुलाबी अळी लागली. पेशंट रोडावले आणि दोन दवाखान्यांत ओढाताण सुरू झाली. डॉक्टरांनी बजावलं, ‘‘त्यांच्या दारात जीप थांबली तर नोकरी गेली समजा.’’

त्या हंगामात फवारण्या वाढल्या. एका दुपारी फवारताना कोसळलेला मजूर शब्बीरभाईंनी जीपमध्ये घातला आणि सरळ त्या दुसऱ्या दवाखान्यात नेला. माणूस वाचला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी माझ्यासमोरच त्यांना फैलावर घेतलं.

‘‘त्यायच्याजवळ श्वासाची मशीन हाय साहेब, आपल्याजवळ नाही.’’

‘‘ते ठरवणारे तुम्ही कोण?’’

शब्बीरभाई हळूच म्हणाले, ‘‘माह्या भावालेबी असंच झालतं. मी त्याले आपल्याच दवाखान्यात आणलं. त्यायच्या दारावरून जीप पुढं काढली, साहेब.’’

ही मी नोकरीला लागण्याआधीची गोष्ट. डॉक्टरांना ती आठवली असावी, कारण त्यांनी मान खाली घातली. तरी जीपची किल्ली त्यांनी ठेवून घेतलीच.

मला डॉक्टरांचा राग आला, आणि माझाही आला. इतकी वर्षं मी शब्बीरभाईंच्या शेजारी बसून डबा खाल्ला होता. त्यांना एक भाऊ होता, हे मला त्या दिवशी कळलं.